सुईदोऱ्याची पदवी

गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे तीन आठवडे अल ऐनला राहण्याचा योग आला. संयुक्त अरब अमिरातीतील हे शहर अबुधाबी अमिरातीत, ओमानच्या सीमेला अगदी लागून आहे. दुबईहून मोटारीने सुमारे दीड तासाचा रस्ता. येथे समुद्र नाही. खजुरीच्या बागा, त्यांना पाणी पुरविणारे प्राचीन पाट आणि शहराच्या कडेला जबल हफीत हा उघडाबोडका डोंगर, असे या गावाचे रूप आहे.

पोहोचल्याच्या दुसऱ्याच रात्री, जेवणे आटोपल्यावर, घरात एक प्रश्न निघाला. तोच या लेखाचा विषय. माझी भाची बारावीत आहे आणि तिला फॅशन डिझाइनची पदवी घ्यावयाची आहे. तिचे वडील अभियंता. ते मला म्हणाले, “ताई, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हीच हिची समजूत घाला. ऐंशी टक्क्यांच्या वर गुण मिळविणारी मुलगी चार वर्षे खर्चून शिंपीकाम शिकणार? तेवढे तर नाक्यावरचा शिंपीही शिकवील.”

भाची खाली मान घालून बसली होती. मी लगेच काही बोलले नाही. कारण हाच प्रश्न पूर्वी एकदा माझ्यापुढे आला होता आणि मी त्याचे उत्तर चुकीचे दिले होते.

वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या वहीच्या समासात बायकांची चित्रे असत आणि प्रत्येकीचा पोशाख निराळा असे. तिच्या वडिलांनी माझे मत विचारले, तेव्हा मी सांगितले, “छंद म्हणून ठीक आहे, शिक्षणाला मात्र वाणिज्य शाखाच बरी.” मुलीने बी. कॉम. केले, काही वर्षे नोकरी केली, ती सोडली आणि आज ती घरी ब्लाऊज शिवते. हात अतिशय सफाईदार. मध्यंतरी एका दुकानदाराने तिला पाच मापांचे दोनशे कुडते शिवून देण्याचे काम देऊ केले. ते तिला घेता आले नाही. एकीचे माप घेऊन बेतणे तिला येते. परंतु एकाच नमुन्यावरून लहानमोठी मापे शास्त्रशुद्ध रीतीने काढणे, दोनशे नगांना किती कापड लागेल याचा अंदाज बांधणे, नगामागे किंमत ठरविणे, हे तिला कोणी शिकविलेच नव्हते. “बाई, हात आहे, पण हिशेब नाही,” असे ती मला म्हणाली. ते शब्द अजून माझ्या मनात रुतून बसले आहेत.

नाक्यावरचा शिंपी आणि पदवीचे शिक्षण यांत जो फरक आहे, तो नेमका हा. या अभ्यासक्रमात रेखाटन असते, तसेच तंतू व वस्त्र यांचे शास्त्रही असते. कापूस घाम का शोषतो, कृत्रिम धागा का शोषत नाही, उरेब कापलेले कापड अंगावर निराळे का पडते, याची कारणे शिकावी लागतात. कागदी नमुने तयार करणे, पुतळ्यावर कापड टाचून आकार साधणे, रंगाई व छपाई, पोशाखांचा इतिहास, संगणकावरील आरेखन, खर्चाचे गणित, कारखान्यातील प्रत्यक्ष अनुभव आणि अखेरीस स्वतःची वस्त्रमालिका, असा हा क्रम असतो.

आपल्या मराठी मुलखातील भानु अथैया यांचे उदाहरण मी मेहुण्यांना दिले. १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या या बाई मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकल्या. चित्रकलेचा पक्का पाया घेऊन त्या पोशाखाच्या क्षेत्रात आल्या आणि १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी, जॉन मोलो यांच्यासमवेत, ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यांनी नाव काढले ते केवळ उपजत आवडीवर नव्हे. आवडीला शिक्षणाची जोड होती.

आता शिकावे कोठे? अल ऐनमध्ये १९७६ साली स्थापन झालेले, देशातील पहिले विद्यापीठ आहे. परंतु फॅशन डिझाइनसाठी दुबई किंवा शारजाकडे पाहावे लागते. दुबईत २०१८ साली सुरू झालेल्या डिझाइन संस्थेत हा विषय आहे आणि शारजा विद्यापीठाच्या ललित कला व डिझाइन महाविद्यालयातही आहे. भारतात यावयाचे तर १९८६ साली दिल्लीत स्थापन झालेली ‘निफ्ट’ आहे. तिचे मुंबई केंद्र १९९५ पासूनचे, आज खारघरला आहे. २००६ च्या कायद्याने तिला स्वतः पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तिची प्रवेशपरीक्षा असते आणि परदेशस्थ भारतीयांसाठी वेगळ्या जागा असतात. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेले महिला विद्यापीठही आज हा विषय शिकविते.

पालकांनी एक खबरदारी अवश्य घ्यावी. संस्थेची इमारत पाहू नये. पदवी कोण देते ते विचारावे. पदविका, प्रमाणपत्र आणि पदवी या तीन निराळ्या गोष्टी आहेत. अमिरातीत त्या अभ्यासक्रमाला तेथील शैक्षणिक अधिस्वीकृती आयोगाची मान्यता आहे काय आणि ती पदवी भारतात चालेल काय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शुल्क भरण्यापूर्वीच लेखी मिळवावीत.

एके दिवशी भाचीला घेऊन मी तेथील हस्तकलेचे प्रदर्शन पाहिले. एक वृद्ध अरब बाई जमिनीवर मांडलेल्या मागावर ‘सदू’ विणत होत्या. मेंढीची लोकर, उंटाचे व बकरीचे केस यांचे हे भटक्या स्त्रियांचे विणकाम. २०११ साली युनेस्कोने ते तातडीने जपावयाच्या वारशांच्या यादीत घातले. बाईंपुढे कागद नव्हता, तरी त्रिकोण चुकत नव्हते. सारे धागे मनात मोजलेले. मेहुण्यांना मी रात्री म्हटले, “ते तुमचेच गणित आहे, फक्त लोकरीत मांडलेले.” ते हसले, पण मानले नाहीत.

आम्हांला अध्यापक विद्यालयात शिवणकाम हा कार्यानुभवाचा विषय होता. उसवून पाहिल्याखेरीज शिवण कळत नाही, असे आमच्या शिवणाच्या बाई सांगत. ते आठवून मी भाचीपुढे एक परीक्षा ठेवली: वडिलांचा जुना सदरा पुरता उसवायचा, प्रत्येक तुकडा कागदावर उतरवायचा आणि तोच सदरा पुन्हा शिवून दाखवायचा. जमले तर मी तुझी वकिली करीन. कंटाळलीस तर हा विषय सोडून दे.

पहिल्या दिवशी तिला हे सोपे वाटले. कॉलर तीनदा उसवावी लागली. एक बाही उलटी लागली. बोटाला सुई टोचून रक्त आले, डोळ्यांतून पाणीही आले. परंतु आठव्या दिवशी सदरा उभा राहिला. मेहुण्यांनी तो अंगात घालून पाहिला, मनगटाची बटणे लावली आणि बराच वेळ आरशासमोर उभे राहिले. मग इतकेच म्हणाले, “ताई, प्रवेशपरीक्षेचा अर्ज कधी निघतो?”

कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घाणा चालवून त्यांनी मुले वाढविली आणि त्याची लाज त्यांना वाटली नाही. पुढे आपण शिकलो, नोकऱ्यांत शिरलो आणि हाताच्या कामाकडे खालच्या नजरेने पाहू लागलो. ती नजर माझीही होती, आणि तिची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीने मोजली. आपल्या घरातील एखादी मुलगी वहीच्या समासात पोशाख काढीत असेल, तर तिला नाही म्हणण्यापूर्वी एक जुना सदरा तिच्या हाती द्यावा, एवढीच माझी पालकांना विनंती आहे.