चिमणी घेण्याआधी भिंतीकडे बघा

पुण्याच्या शनिवार पेठेत स्वयंपाकघराचं काम निघालं की ओटा, टाइल्स, ट्रॉल्या आधी ठरतात आणि चिमणी सगळ्यात शेवटी. जुन्या वाड्यांत चुलीचा धूर धुराड्यातून वर निघून जायचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा पूर आला, त्यानंतर आणि पुढे पुनर्विकासात अनेक वाड्यांच्या जागी इमारती आल्या. आता कित्येक घरांत शेजारची भिंत हाताच्या अंतरावर असते आणि स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. म्हणून इथे पहिला प्रश्न धूर बाहेर कुठून काढायचा हा, आणि कंपनी-मॉडेल त्यानंतर. खरेदी मात्र बऱ्याचदा ऐकीव समजुतींवर होते.

गैरसमज : सक्शन जितकं जास्त, तितकी चिमणी चांगली.
वस्तुस्थिती : खोक्यावरचा १२०० किंवा १४०० घनमीटर प्रति तास हा आकडा कमाल क्षमतेचा असतो. पाइप जोडल्यावर तेवढी ओढ मिळत नाही. हिशेब करून बघा. दहा बाय आठची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे ८०० घनफूट, साधारण २३ घनमीटर हवा. ती तासाला पंधरा वेळा बदलायची तर ३४५ घनमीटर लागतात. मिरचीच्या फोडणीचा ठसका आणि दिवाळीची तळणी धरून दुप्पट घेतलं तरी १४०० फार लांब राहतात. खरी मेख पाइपात आहे. प्रत्येक एल्बोला आणि चुण्या पडलेल्या लवचीक पाइपात ओढ घटते. सहा इंची तोंडाला चार इंची पाइप जोडला तर हवेची वाट निम्म्याहूनही कमी उरते. भोक लहान आहे म्हणून मिस्त्री रिड्यूसर सुचवेल, तेव्हा भोक मोठं करून घ्या. मात्र भार पेलणारी भिंत असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा.

गैरसमज : पाइप काढायला जागा नसेल, तर डक्टलेस चिमणी तेच काम करते.
वस्तुस्थिती : तिची जाळी तेल धरते, कोळशाचा फिल्टर वास कमी करतो. उष्णता, वाफ आणि गॅस जळताना होणारे नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू खोलीतच फिरत राहतात. कोळशाचा फिल्टर काही महिन्यांनी बदलावाही लागतो. अशा घरात बाहेरच्या भिंतीत, वरच्या बाजूला बसवलेला साधा एक्झॉस्ट फॅन अधिक उपयोगी पडतो. डक्टमध्ये पाइप सोडणार असाल, तर वरच्या मजल्यांच्या खिडक्या तिथेच उघडतात का ते पाहा. नाहीतर आपला धूर शेजाऱ्यांच्या घरात जायचा.

गैरसमज : थोडी उंच लावली तरी चालते.
वस्तुस्थिती : धूर वर जाताना पसरतो. गॅसच्या शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर बहुतेक कंपन्या सांगतात. आपल्या मॉडेलचं माहितीपत्रक प्रमाण माना. रुंदी शेगडीपेक्षा कमी नको. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या चाचण्यांत मागच्या बर्नरचा धूर पुढच्यापेक्षा जास्त पकडला गेला. तेव्हा तळणीची कढई मागे ठेवा.

गैरसमज : चिमणी लावली की खिडक्या बंद ठेवायच्या.
वस्तुस्थिती : जेवढी हवा बाहेर जाते, तेवढी आत यायला हवी. सगळं बंद असेल तर ओढ मंदावते. शिवाय घरात गॅस गिझर असेल, तर त्याचा धूर उलटा आत खेचला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून तो जिवावर बेततो. ओट्यापासून लांबची खिडकी किलकिली ठेवा. शेगडीलगतच्या खिडकीतला वारा आणि डोक्यावरचा पंखा मात्र धूर विस्कटतात.

गैरसमज : ऑटोक्लीन म्हणजे साफसफाईतून सुटका.
वस्तुस्थिती : त्यात आतलं तेल गरम होऊन ट्रेमध्ये गळतं, एवढंच. ट्रे रिकामा करणं, बाहेरचा भाग पुसणं आणि पाइप तपासणं आपल्यालाच करावं लागतं. साचलेलं तेल पेट घेऊ शकतं.

गैरसमज : गॅसचा वास आला की चिमणी लावावी.
वस्तुस्थिती : अजिबात नाही. बटणाच्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो. रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू-बंद करू नका. सिलिंडर असेल तर बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, पाइपलाइनचा हलका असल्याने छताकडे जातो. त्यामुळे नूतनीकरणात झरोके बुजवू नका.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा : आधी पाइपचा मार्ग, मग भोक आणि विजेचा पॉइंट, त्यानंतर चिमणी. ट्रॉल्यांची मापं शेवटी. बसवून झाल्यावर जाळीला टिश्यूपेपर लावून पाहा. तो चिकटून राहिला नाही, तर पैसे चुकते करण्याआधी पाइप तपासून घ्या.