व्हिडिओ पाहिला, पण हिशेब केला का?



परवा बोरगाव मेघेतल्या माझ्या दुकानात एक ताई आल्या. घरगुती मसाल्याचा व्यवसाय सुरू करायचाय. म्हणाल्या, "दादा, चाळीस व्हिडिओ पाहिले. पॅकेटचा भाव किती ठेवू तेच कळत नाही. बाजारातल्या मसाल्यापेक्षा पाच रुपये कमी ठेवू का?"

मला हसू आलं नाही. मीही तिथूनच आलोय.

आपल्याकडे हे शिक्षण टप्प्याटप्प्यानं आलं. 2001 साली एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी पोचले. धडा कॉम्प्युटरवर, पण अडलं तर विचारायला सेंटरवर सर असायचे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. जानेवारी 2017 मध्ये गूगलनं फिक्कीसोबत लहान व्यावसायिकांसाठी 'डिजिटल अनलॉक्ड' जाहीर केलं. व्यवसायाचं शिक्षण थेट खिशात आलं. सर मात्र खिशात आले नाहीत!

त्याच दिवसांत मी एका व्हिडिओत ऐकलं, 20 टक्के मार्जिन ठेवा. लगेच 100 रुपयांची वस्तू 120 ला लावली. दिवाळीला 20 टक्के सूट दिली. 120 चे 20 टक्के म्हणजे 24. वस्तू गेली 96 ला! दुकानात गर्दी, मी खूश, आणि प्रत्येक वस्तूमागे 4 रुपये घरचे. होलसेलवाल्याचं बिल द्यायला पैसे कमी पडले, तेव्हा कुठे वही काढली. बीबीए केलेला माणूस मी!

चूक काय झाली? मार्जिन विक्रीच्या भावावर मोजतात. मी खरेदीवर मोजलं, त्याला मार्कअप म्हणतात. 20 टक्के मार्जिन हवं असेल तर खरेदीला 0.80 ने भागा. 100 ची वस्तू 125 ला जाते. त्यावर 20 टक्के सूट दिली तर 100 च परत येतात. भाडं आणि लाईटबिल तरीही अंगावरच. म्हणजे सूट द्यायची असेल तर भाव लावतानाच विचार करायचा.

व्हिडिओ चुकीचा नव्हता. मी फक्त पाहिला, करून नाही पाहिला. 1937 साली आपल्या वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताने काम करत शिकण्याची कल्पना मांडली. तीच नई तालीम. मोबाईलवर शिकतानाही तेच लागू होतं.

ताईंना मी वही दिली. मिरची, धणे, दळण, पाकीट, वाया जाणारा माल, असं सगळं लिहायला लावलं. शेवटी विचारलं, "आणि तुमची मजुरी?" ती त्यांनी धरलीच नव्हती. बेरीज झाली, तर पाच रुपये कमीवाला भाव खर्चाच्याही खाली निघाला. बरं झालं, अजून एकही पॅकेट विकलं नव्हतं.

म्हणून एकच नियम ठेवा: एक व्हिडिओ, एक हिशेब. तोही स्वतःच्या मालाचा, त्याच दिवशी. हिशेब झाल्याशिवाय पुढचा व्हिडिओ लावू नका. माझासुद्धा नाही!