छोट्या इंजिनाची कुरकुर

ग्वाल्हेरकरांस लहान आगगाडीचे नवल सांगावयास नको. जयविलास राजवाड्यात भोजनाच्या टेबलावर फिरून पाहुण्यांपुढे सुरया नेणारी चांदीची गाडी प्रत्येकाने पाहिलेली, निदान ऐकलेली तरी असते. आमच्या घरी तेवढे वैभव कोठले! थोरल्या बंधूंनी १९६१ साली विलायतेहून आणलेले एक इंजिन मात्र होते. रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर, प्रमाण फुटास ४ मिलिमीटर, आणि चालावयाचे १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. दादांच्या पश्चात ते माझ्याकडे आले आणि पहिल्याच थंडीत कण्हू लागले. दुरुस्तीच्या भरात मी ते जवळजवळ गमावले. म्हणून ज्यांच्या कपाटात असे इंजिन आहे त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पेचकस हाती घेण्यापूर्वी कान द्यावा. आवाज रुळाच्या ठराविक जागीच येत असेल तर इंजिनाला बोल लावू नये. तेथील जोड वर आलेला असतो. सांध्यावरच खट्ट वाजत असेल तर समोरासमोरच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर मोजावे. आजच्या गाड्यांत ते साधारण १४.५ मिलिमीटर असते. कमीजास्त झाले की चाक सांध्याला धडकते. आवाज सर्वत्र येत असेल तर इंजिन मऊ कापडाच्या घडीवर उताणे ठेवून चाकांना दोन तारा लावाव्या व ते अगदी सावकाश फिरवावे.

आता मोजावयाचे. मोटरीच्या दांड्यावर मळसूत्र असते आणि ते आसावरचे दंतचक्र फिरवते. मळसूत्र एकपदरी आणि चक्राला तीस दाते असतील, तर मोटरीचे तीस फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. म्हणून चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदाच 'टक्' होत असेल तर दोष चाकाच्या बाजूचा आहे: वाकलेला जोडदांडा, दात्यात अडकलेला खडा, किंवा चिरलेले दंतचक्र. आसावर दाबून बसवलेले प्लॅस्टिकचे चक्र कालांतराने चिरते, चिरेपाशी दोन दात्यांतील अंतर वाढते, आणि मळसूत्र तेथे आले की अडखळते. तेथे डिंक-सरस काही चालत नाही; चक्र बदलावेच लागते. याउलट आवाज मोटरीच्या वेगाने भरभर येत असेल तर मळसूत्र किंवा मोटर पाहावी. पुढे जाताना गुरगुर आणि मागे येताना शांत, असे असेल तर मोटरीचा दांडा मागेपुढे सरकत आहे असे समजावे. मळसूत्र त्याला प्रत्येक दिशेस निराळा रेटा देते.

उभ्या इंजिनाची गुणगुण पुष्कळदा तुटक झटक्यांनी वीज देणाऱ्या नियंत्रकाची असते. वरचे कवच काढताच आवाज थांबला तर एखादा स्क्रू आवळून काम भागते.

चीं चीं असा कर्कश आवाज मात्र कोरड्या बेअरिंगचा. सुईच्या टोकावर मावेल तेवढे, प्लॅस्टिकला न खाणारे पातळ तेल दांड्याच्या दोन्ही टोकांस लावावे. कम्यूटेटरवर एक थेंबही जाऊ देऊ नये. कार्बनची भुकटी व तेल यांचा चिखल होऊन ठिणग्या उडतात. तसे झालेच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे.

मी घसरलो तो येथेच. घरात यंत्राचे तेल नव्हते म्हणून न्हाणीतले खोबरेल घातले! उन्हाळाभर इंजिन लोण्यासारखे चालले. पौषात सकाळी कण्हावयाचे, दुपारी गप्प. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, ही गोष्ट डोक्याला रोज तेल चोपडणाऱ्यास सुचू नये! मला वाटले मोटर बिघडली. उघडून आर्मेचर बाहेर काढले. या जुन्या मोटरींतील लोहचुंबकाच्या मधले आर्मेचर काढल्यावर त्या जागी लोखंडाचा तुकडा ठेवावा लागतो, नाही तर चुंबकाचा जोर ओसरतो. तो ठेवला नाही. पुन्हा जोडल्यावर आवाज गेला, पण जोरही गेला. पूर्वी चार डबे ओढणारे इंजिन दोनच ओढू लागले, आणि तेही तापत तापत. पुढे जाणत्या कारागिराने चुंबक पुन्हा भारून दिले, तेव्हा तिसरा डबा निघाला. चौथा अजून निघत नाही.

एका आवाजावर मात्र इलाज नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही इंजिनांचे जस्ताचे ओतीव भाग, त्यांत शिसे मिसळल्यामुळे, वर्षानुवर्षे फुगतात व तडकतात. आस आवळले जातात आणि करकर सुरू होते. असे इंजिन न चालविता काचेच्या कपाटात ठेवावे. दादांचे इंजिन त्या काळाचे नाही. तरी दर दिवाळीस सांगाड्याची लांबी मोजून वहीत टिपून ठेवतो. अद्याप फरक नाही.