सक्तीचा शिपाई : डोमिनिक रिशर्ट

ऑक्टोबर १९१३मध्ये डोमिनिक रिशर्ट जर्मन सैन्यात दाखल झाला, तेव्हा तुझी इच्छा आहे का, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं. वय वीस. गाव सेंट उलरिश, अल्सासच्या दक्षिण टोकाचं, स्वित्झर्लंडच्या सीमेपासून फार दूर नसलेलं. घरी शेती. १८७१मध्ये फ्रान्स हरला आणि अल्सास जर्मनीकडे गेला, त्यामुळे १८९३मध्ये जन्मलेला हा पोरगा जन्मतःच कैसरची प्रजा होता. विशीत आलेल्या धडधाकट तरुणाने पायदळात दोन वर्षं काढायची, असा कायदा होता. म्यूलहाउझेनच्या ११२व्या पायदळ रेजिमेंटमध्ये त्याची नेमणूक झाली. १९१५च्या शरदात तो सुटून घरी आला असता. मध्येच महायुद्ध सुरू झालं.

पहिल्या महायुद्धावरची पुस्तकं कपाटं भरतील एवढी आहेत. पण त्यांतली बहुतेक सेनापतींची, नाहीतर शिकलेल्या तरुण अधिकाऱ्यांची. सक्तीने नेलेल्या शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं फार थोडं मिळतं. म्हणून रिशर्टने युद्धानंतर लिहून काढलेल्या वह्यांचं मोल मोठं आहे. त्यात पराक्रमाची भाषा नाही. भूक, उवा, चिखल, थंडी, आणि पुढच्या जेवणापर्यंत जिवंत कसं राहायचं याची विवंचना आहे. शिपाई हल्ल्याला उठतो तो देशप्रेमाने नव्हे, मागे शिस्तीचा बडगा असतो म्हणून, हे तो कसलाही आडपडदा न ठेवता सांगतो. शेतातून घाईघाईने उकरलेल्या बटाट्यांची आठवणही लढाईइतक्याच बारकाईने लिहितो.

२६ ऑगस्ट १९१४चा प्रसंग घ्या. लॉरेनमध्ये तियाव्हिलजवळच्या जंगलात चढाई करण्यापूर्वी त्यांना आदेश मिळाला, की आज कैदी घ्यायचे नाहीत. म्हणजे शरण आलेले आणि जखमी होऊन पडलेले, सगळे मारायचे. हा आदेश जनरल श्टेंगरच्या नावावर आहे, आणि युद्धानंतर त्याच्यावरून लाइपझिगच्या न्यायालयात खटलाही चालला. श्टेंगर निर्दोष सुटला. रिशर्ट मात्र त्या जंगलात होता. जखमींना मारताना त्याने पाहिलं, आणि पडलेल्या एका फ्रेंच सैनिकाला संपवायला निघालेल्या आपल्याच माणसासमोर तो आडवा उभा राहिला. युद्धाला तोंड फुटून महिनाही झाला नव्हता. वरचा हुकूम पाळायचा की समोरचं माणूस वाचवायचं, याचा निवाडा एका साध्या शिपायाने उभ्या उभ्या केला. माझ्या मते त्याच्या साऱ्या लष्करी सेवेचा अर्थ या एका कृतीत सापडतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याची रेजिमेंट उत्तर फ्रान्समध्ये ला बासेच्या परिसरात होती. समोर ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या हिंदी पलटणी होत्या. २३ नोव्हेंबरला फेस्तुबेर इथे जर्मनांनी हिंदी सैन्याचे खंदक घेतले. रात्रभर झुंजून ते परत मिळवण्यात आले. तिथेच ३९व्या गढवाल रायफल्सच्या दरवानसिंग नेगींना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जवळच्याच नव शापेलला महिन्याभरापूर्वी, २८ ऑक्टोबरला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांची जबर हानी झाली होती. हिंदी सैनिकांशी झालेल्या झुंजीचं वर्णन रिशर्टच्या वह्यांत आहे. खंदकाच्या एका बाजूला अल्साशियन शेतकरी, दुसऱ्या बाजूला गढवालचे, पंजाबचे शेतकरी. हिंदी सैनिक कागदोपत्री स्वखुशीने भरती झालेले, हा सक्तीचा. पण उत्तर फ्रान्सच्या त्या गारठलेल्या चिखलात दोघांचंही स्वतःचं म्हणावं असं काही पणाला लागलेलं नव्हतं.

पुढे तो पूर्व आघाडीवर गेला. अल्सासचे शिपाई फ्रान्ससमोर भरवशाचे नाहीत, असं मानून जर्मन सेनापती त्यांना रशियाकडे पाठवत. एप्रिल १९१५मध्ये कार्पेथियन पर्वतातली झ्विनिनची चढाई, सप्टेंबर १९१७मध्ये रीगाची मोहीम, मग पुन्हा फ्रान्स आणि २४ एप्रिल १९१८ची व्हिलेर-ब्रेतोनोची लढाई. एव्हाना तो मशीनगन तुकडीत होता, हुद्दाही मिळाला होता. घर मात्र तुटलेलं होतं. सेंट उलरिशचा भाग १९१४पासून फ्रेंचांच्या ताब्यात होता, त्यामुळे रजा मिळाली तरी आईवडिलांना भेटणं शक्य नव्हतं.

जुलै १९१८मध्ये, एका रात्री, लॉरेनमधल्या खंदकातून निघून तो फ्रेंचांकडे गेला. लष्करी कायद्यात याला एकच शिक्षा होती. मला हा पळपुटेपणा वाटत नाही. दोन्ही बाजूंच्या तारा, पहारे आणि गोळ्या यांमधून जायला जी छाती लागते, ती हल्ल्याला उठण्यापेक्षा कमी नव्हती.

अल्सास-लॉरेनचे सुमारे ३,८०,००० पुरुष त्या युद्धात जर्मन गणवेशात होते. रिशर्ट परतला, शेती करू लागला. ऑगस्ट १९४२मध्ये नाझींनी अल्सासमध्ये पुन्हा सक्तीची भरती लादली. या वेळी त्याचे मुलगे स्वित्झर्लंडला निसटले आणि त्याची शिक्षा म्हणून रिशर्ट नवरा-बायकोला जर्मनीत वेठीला नेण्यात आलं.

१९७७मध्ये तो वारला. त्याच्या लेखनाची टंकलिखित प्रत १९८७मध्ये फ्रायबुर्गच्या लष्करी दप्तरखान्यात संशोधकाच्या हाती लागली आणि १९८९मध्ये पुस्तक निघालं.

रिशर्टची कहाणी अशी टिकली; आपल्याकडच्या शिपायांचं काय? साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले, असं तिथलं स्मारक सांगतं. त्यांतल्या प्रत्येकाला काय दिसलं, काय सोसावं लागलं, हे दगडावर कोरलेलं नाही. आपल्याकडे अनेक घरांत पणजोबांची पलटणीतली पत्रं, पेन्शनचे कागद, बिल्ले अजून ट्रंकेत पडलेले असतील. वाचकांना विनंती, की ते वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. त्यांची छायाचित्रं घ्या, मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या आणि एक प्रत जवळच्या इतिहास संशोधन मंडळाकडे द्या.