वहिवाट माझी, सातबारा दुसऱ्याचा

लेखमाला : हातातलं यंत्र – लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण ॲप वेळच्या वेळी अपडेट का करावीत ते पाहिलं. तो लेख आला त्याच दिवशी सांगलीहून मावशीचा फोन. "अगं, तुझं वाचलं आणि लगेच अपडेट दाबलं. आता ते पासवर्ड मागतंय. माझा घातला तर चूक म्हणतंय. आणि वर जो पत्ता दिसतोय, तो माझा नाहीच."

पत्ता माझ्या मावसभावाचा होता. दादा न्यू जर्सीत असतो. २०१३ साली त्याने आईला ॲपलचा टॅब पाठवला, रोज एकमेकांचं तोंड दिसावं म्हणून. तिला काही करावं लागू नये, अशा मायेने त्याने सगळं स्वतःच्या खात्यावरून जुळवून दिलं, हवी ती ॲप भरून दिली. खात्याला जोडलेला ईमेल त्याच्या तेव्हाच्या इंटरनेट जोडणीबरोबर मिळालेला. पुढे त्याने घर बदललं, जोडणी बदलली, पत्ता मेला. टॅबही एकदा बदलला. तेव्हा तो सुट्टीवर आलेला होता आणि जुना पासवर्ड त्याच्या बोटांना अजून आठवत होता, म्हणून सगळं सुखरूप नव्या टॅबवर आलं. मावशीचं स्वतःचं खातं निघालं. ती त्यावर पेपर वाचते, बँकेची शिल्लक बघते. डेटा संपतो म्हणून अपडेट मात्र तिने बंद ठेवलेले होते. त्यामुळे इतक्या वर्षांत कुणाला कळलंच नाही, की एका ॲपच्या पोटात दादाचा तो मेलेला पत्ता तसाच बसून आहे.

ते ॲप वहीचं होतं. मावशी त्यात आमच्या आजोळचा कुलवृत्तान्त लिहिते. कोण कुठून आलं, कुणाची मुलगी कुठे दिली, प्लेगच्या साथीत कोण गेलं, असं पाच पिढ्यांचं टिपण. जुन्या बायकांना फोन करकरून जमवलेलं. त्यांतल्या निम्म्या आता नाहीत.

मी तिला पहिलं वाक्य बोलले ते असं, "मावशी, ते ॲप काढून टाकू नकोस. कुणीही सांगितलं तरी."

कारण या अडचणीवर पहिला सल्ला हाच मिळतो, की ॲप काढा आणि आपल्या खात्यावरून परत घ्या. सल्ला खोटा नाही. हवामानाचं, रेल्वेचं, शब्दकोड्याचं ॲप असेल तर दोन मिनिटांत काम होतं. पण ॲप काढलं की त्याच्या आत साठवलेला मजकूरही जातो, आणि वहीचं ॲप म्हणजे मजकूरच.

आता मावशीने विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो फार नेमका होता. "टॅब माझा, ॲप फुकटचं, मग दुसऱ्याचा पासवर्ड कशाला?"

दुकानातून आपण ॲप घेतो तेव्हा किंमत शून्य असली तरी व्यवहार खरेदीचाच असतो. शून्य रुपयांची का होईना, पावती फाटते. त्या पावतीवर यंत्राचं नाव नसतं, खात्याचं असतं. ॲपलचं ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी ५०० ॲपनिशी उघडलं. त्याआधी २००३ पासून ही कंपनी गाणी विकत होती, आणि विकलेल्या गाण्याच्या फुकट नकला होऊ नयेत म्हणून तिने फेअरप्ले नावाचं कुलूप बनवलं होतं. तेच कुलूप ॲपना लागलं. ॲपची प्रत कुलूपबंद येते आणि तिची किल्ली ज्या खात्याने ती घेतली त्या खात्याशी बांधलेली असते. एकदा किल्ली यंत्रात आली की ॲप वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं, कुणी काही विचारत नाही. अपडेट मात्र घरच्या घरी केलेली डागडुजी नसते. ती दुकानातून आलेली नवी प्रत असते आणि जुन्या पावतीवरच मिळते. मग दुकान पावती ज्याच्या नावावर आहे त्याला हाक मारतं. चौकटीतला तो पत्ता पुसून आपला घालता येत नाही तो यामुळेच.

हे ऐकून मावशी क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे तासगावच्या जमिनीसारखं. कसतोय आपण आणि सातबाऱ्यावर नाव आजोबांचं."

इतकं चपखल मला सुचलं नसतं. आमच्या घरात त्या जमिनीचा फेरफार व्हायला किती खेपा पडल्या हे तिने पाहिलं आहे. शेतात जाऊन द्राक्षं काढायला कुणी अडवत नव्हतं. कर्ज काढायला गेलं, वाटणीचा विषय निघाला, की उताऱ्यावरचं नाव आडवं यायचं. ॲपचंही तसंच आहे. वापरताना वहिवाट पुरते. अपडेट, नवं यंत्र, परत डाउनलोड ही पाळी आली की उतारा काढावा लागतो.

म्हणून पासवर्डची चौकट समोर आली की आधी उतारा वाचायचा. त्यावरचं नाव खरंच दुसऱ्या खात्याचं आहे, की आपल्याच खात्याचं जुनं नाव आहे? या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात आणि त्यात तासन्‌तास घालवतात. समजा तुम्ही पूर्वी याहूच्या पत्त्यावर खातं काढलं आणि नंतर त्याच खात्याचा पत्ता बदलून जीमेलचा केला. खातं एकच राहिलं, सगळ्या पावत्या शाबूत आहेत; यंत्र फक्त जुन्या नावाने हाक मारतं आहे. अशा वेळी स्टोअरमधून बाहेर पडून नव्या पत्त्याने पुन्हा आत शिरलं की बहुतेकदा तिढा सुटतो. उलट, तुम्ही जीमेलच्या पत्त्यावर नवंच खातं काढलं असेल, तर ती दोन वेगळी माणसं झाली आणि पहिल्याच्या पावत्या दुसऱ्याला चालत नाहीत. दादाने नंतर नवं खातं काढलं होतं. त्यामुळे आमची गोष्ट दुसऱ्या प्रकारातली होती.

ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा मराठी घरांत हा दुसरा प्रकार फार दिसतो, आणि त्यामागे केवळ विसराळूपणा नसतो. ॲप स्टोअरच्या खात्याला देश असतो. अमेरिकेतल्या खात्यावर अमेरिकेचं दुकान उघडतं, आणि आपल्याकडच्या बँकांची कितीतरी ॲप त्या दुकानात ठेवलेलीच नसतात. खात्याचा देश बदलता येतो, पण त्याआधी खात्यातली शिल्लक संपवावी लागते, चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात. एवढी कटकट कोण करणार? म्हणून घरोघरी दुसरं, भारतातलं खातं निघतं, आणि एका यंत्रात दोन मालकांची ॲप शेजारी शेजारी नांदू लागतात.

दोन खाती एक करून द्या, ही मागणी ग्राहक वर्षानुवर्षं करत आले. २०११ मध्ये आयक्लाउड आलं तेव्हा हजारोंची खरेदी एका पत्त्यावर आणि फोटो दुसऱ्यावर अशी अवस्था होती, तेव्हापासूनची ही ओरड. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने अखेर एका खात्यातली खरेदी दुसऱ्यात हलवण्याची सोय आणली. दोन्ही खात्यांचा देश एकच हवा, ही त्यातली एक अट. आणि सोय सुरू झाली तेव्हा युरोपीय संघ, ब्रिटन आणि भारत वगळलेले होते. मला हे मनापासून लागलं. फेरफाराचं कार्यालय उघडावं आणि आपल्याच तालुक्याला दार बंद असावं, तसं. कायदेशीर कारणं असतील, ती असोत. पण वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला नाव लावून घेण्याची वाट असलीच पाहिजे.

अँड्रॉइडवर मोफत ॲपच्या बाबतीत एवढी अडवणूक होत नाही. तिथे विकत घेतलेली ॲप अडतात. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवलं की फोनमधली सगळी खाती दिसतात. ज्याने पैसे भरले ते निवडलं की काम होतं. ते खातंच हाताशी नसेल तर खरेदी दुसऱ्या खात्यावर हलवता येत नाही. जुना फोन घेणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून, फोन थेट पुसून टाकला तरी तो सुरू करताना आधीच्या मालकाचं गूगल खातं मागू शकतो. चोराला फोनचा उपयोग होऊ नये म्हणून ही तजवीज आहे. पण भाच्याने मामाला दिलेला फोनही तिच्यात अडकतो. देणाऱ्याने आपलं खातं आधी काढून मगच फोन पुसायचा.

आता खरी अवघड जागा. पासवर्ड आठवत नाही, पत्ता बंद पडला आहे. पुढे काय?

इथे सगळं अवलंबून असतं ते खात्याला जोडलेल्या दुसऱ्या कुठल्या खुणेवर, बहुधा मोबाइल नंबरवर. आपल्याकडे नंबर सोडून देणं अगदी सहज घडतं. बदली झाली, नवं सिम घेतलं, जुन्यात पैसे भरले नाहीत, संपलं. सोडलेला नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही, असं दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. म्हणजे त्यानंतर तो कुणाच्याही खिशात असू शकतो, आणि तुमच्या खात्याचा ओटीपी त्याच्याकडे जातो. ईमेलचीही तीच कथा. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले पत्ते मोकळे करून नव्या लोकांना देण्याचं जाहीर केलं. गूगलने डिसेंबर २०२३ पासून, सलग दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरण लागू केलं. 'कधी लागलं तर बघू' म्हणून बाजूला ठेवलेलं खातं आपली वाट बघत बसत नाही. माइनक्राफ्ट खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांना हे ठाऊक असेल. जुनी मोजांग खाती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात हलवायची मुदत १९ सप्टेंबर २०२३ ला संपली. ज्यांनी हलवली नाहीत त्यांनी पैसे देऊन घेतलेला खेळ गमावला.

अशा अडचणीत सापडलेला माणूस इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधतो, आणि नेमका तिथे भामटा बसलेला असतो. तुमचा ओटीपी विचारणारा कुणीही कंपनीचा माणूस नसतो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच, त्याच तासाला फोन करावा.

दादाचा नंबर सुदैवाने तोच होता. घर बदललं, नोकरी बदलली, फोन कंपनीही बदलली, पण नंबर त्याने सोबत नेला होता. एका रविवारी सांगलीतले सकाळचे सात, म्हणजे त्याच्याकडे शनिवारची रात्र, साडेनऊ. व्हिडिओ कॉलवर मी पुण्याहून, तो तिथून, मावशी टॅब घेऊन खिडकीशी. त्याच्या नंबरवर आलेला आकडा त्यानेच स्वतःच्या फोनवर भरला आणि नवा पासवर्ड ठरवला. त्यानंतर लगेच खात्याचा मेलेला पत्ता काढून चालू पत्ता लावला. ही पायरी लोक घाईत विसरतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच येऊन अडकतात. मग मावशीने पासवर्ड घातला आणि अपडेट सुरळीत झालं.

दादा म्हणाला, "झालं की, आता राहू दे तसंच." मला ते पटलं नाही. उतारा अजून त्याच्याच नावावर होता. पाच वर्षांनी पुन्हा अशीच पाळी आली, तर त्या रविवारी तो मोकळा असेलच असं नाही. म्हणून आधी वहीतला सगळा मजकूर पीडीएफ करून बाहेर काढला, शिवाय ॲपच्या स्वतःच्या स्वरूपातली प्रतही घेतली. दोन्ही मावशीला, दादाला आणि मला ईमेल केल्या. त्या माझ्या फोनवर आणि दादाच्या संगणकावर खरंच उघडतात का, पानं पूर्ण आहेत का, 'ऱ्ह' आणि 'ळ' नीट दिसतात का, हे तपासलं. मराठी मजकूर बाहेर काढताना अक्षरांच्या जागी चौकोन येण्याचा अनुभव अनेकांना असेल, त्यामुळे फाइल तयार झाली एवढ्यावर विश्वास ठेवू नये. सगळं दिसतं आहे म्हटल्यावर मग ॲप काढलं. मावशीने स्वतःच्या खात्याने, स्वतःच्या बोटाने ते पुन्हा घेतलं.

वही उघडली तेव्हा कोरी होती. मावशीचा चेहरा उतरलेला मला दिसला. मग साठवलेली प्रत आत घेतली आणि मूळ पुरुषापासून नावं एकेक करून पडद्यावर येऊ लागली. ती काही बोलली नाही, चष्मा लावून वाचत राहिली. दादाने तिकडे फोन ठेवला नव्हता.

पीडीएफची पानं चौसष्ट झाली. मावशीने ती छापून दोन प्रती करून घेतल्या. एक वाचायला बाहेर ठेवली. दुसरी कपाटात, तासगावच्या जमिनीचे कागद असतात त्या पिशवीत.

(पुढील लेखांक : माणूस गेल्यावर त्याच्या खात्यांचं काय होतं, आणि वारसनोंद जिवंतपणीच कशी करून ठेवायची.)