मोटारसायकलची वायर वाढविताना

हँडल उंच केले की दिव्यांच्या वायरी अपुऱ्या पडतात, आणि नवशिक्याचा हात साहजिकच चिकटपट्टीकडे वळतो. परंतु नुसता पीळ देऊन पट्टी गुंडाळलेला सांधा पावसाने गंजतो, त्याचा रोध वाढतो व तो तापू लागतो. म्हणून प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. मूळ वायरीइतक्याच, किंबहुना किंचित जाड, तांब्याच्या वायरीचा तुकडा घ्यावा. आणि तापविल्यावर आकसणारी हीटश्रिंक नळी सांध्याला डाग (सोल्डर) देण्यापूर्वीच वायरीत ओवून ठेवावी, कारण मागाहून ती चढविण्यास मार्ग उरत नाही. वायरीची जाडी निवडताना, १२ व्होल्टवर ५५ वॉटचा दिवा सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो, हा हिशेबही ध्यानी असावा. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून वायर ताणत नसल्याची खातरजमा करावी. आणि फ्यूज उडाल्यास मोठा न बसविता दोषाचा तपास करावा.