पाचला शंभर : टूटी ऑइलच्या साठ वर्षांचा मागोवा

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेट्रोल पंपावर स्कूटर लागली की पंपावरचा पोऱ्या विचारायचा, "ऑइल किती?" उत्तर ठरलेलं असायचं, "पाचला शंभर." पाच लिटर पेट्रोलला १०० मिली टूटी ऑइल, म्हणजे लिटरला २० मिली, म्हणजेच पन्नासास एक. शाळेत गुणोत्तर-प्रमाणाशी कायमचं वाकडं असलेल्यांनाही हा हिशेब तोंडपाठ होता. पंपावर चाकांचा एक गाडा असायचा, त्यावर काचेची उभी नळी. हाताने दांडा मारला की नळीत ऑइल चढायचं. ते आधी टाकीत जायचं आणि वरून पेट्रोलची धार पडली की आपोआप घुसळलं जायचं.

ही उठाठेव कशासाठी, याचं उत्तर इंजिनाच्या रचनेत आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल तळाशी साठवलेलं असतं, पंप ते खेळवतो आणि तेच ऑइल हजारो किलोमीटर चालतं. टू-स्ट्रोकमध्ये कार्ब्युरेटरमधून आलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरतं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. मिश्रणाची वाटच तिथून असल्यामुळे क्रँककेसमध्ये ऑइल भरून ठेवता येत नाही. क्रँकची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं, पिस्टन आणि बोअर यांना पेट्रोलसोबत जेवढं ऑइल येईल तेवढ्यावरच भागवावं लागतं. काम झालं की ते जळतं, अर्धवट जळतं किंवा तसंच सायलेन्सरवाटे निघून जातं. बाहेर दिसतो तो निळा धूर आणि आत साचतो तो कार्बन.

साठ ते ऐंशी या काळात महाराष्ट्राचे रस्ते याच इंजिनांचे होते. भांडुपला बनणारी लॅम्ब्रेटा, आकुर्डीची बजाज, १९७२ साली आलेली चेतक, त्याच साली पुण्यात निघालेली लूना, म्हैसूरहून येणारी जावा आणि तिचंच पुढचं नाव येझ्दी, दूधवाल्यांची राजदूत आणि तीनचाकी रिक्षा, सगळ्या टू-स्ट्रोक. ऑइलचं प्रमाण मात्र सगळ्यांचं एक नव्हतं. जुन्या मोटरसायकलींना वीस किंवा पंचवीसास एक, म्हणजे लिटरला ५० किंवा ४० मिली लागायचं. त्यात वापरायचं ते बहुधा साधं एसएई ३० इंजिन ऑइल. चेतकच्या घराण्यातल्या इंजिनात मिश्रण थेट क्रँकच्या पाळीवर येऊन पडतं, म्हणून तिचं २० मिलीत भागायचं. म्हणजे 'पाचला शंभर' हा काही सगळ्या टू-स्ट्रोकचा नियम नव्हता, एका इंजिनाला एका प्रकारच्या ऑइलसोबत लागू पडणारा आकडा होता. पण तो इतका रुळला की लोकांनी तो सगळ्यांनाच लावला.

मग सुरू झाली पदरची भर. "साहेब, दहा मिली जास्तच टाका, इंजिनाला बरं," हा सल्ला गॅरेजात फुकट मिळायचा. रिक्षावाले तर दुप्पट ऑइल घालून निर्धास्त असायचे. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा, या समजुतीची किंमत मात्र पुढे मोजावी लागायची. प्लग ओला व्हायचा आणि सकाळी किक मारून पाय दुखायचा. एक्झॉस्टच्या पोर्टवर कार्बन चढून भोक अरुंद व्हायचं आणि चढाला गाडी ओढायची नाही. मग मेकॅनिक सायलेन्सर उतरवायचा, आगीवर लाल होईपर्यंत तापवायचा आणि फरशीवर ठोकायचा. आतून काळे पापुद्रे पसाभर निघायचे. आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या ध्यानात यायची. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक ठरावीक असतं. मिश्रणात ऑइल वाढलं की त्याच भोकातून पेट्रोल थोडं कमी जातं, हवेचं प्रमाण वाढतं आणि इंजिन जास्त तापतं. म्हणजे ज्या भीतीपोटी ऑइल वाढवायचं, त्याच बाजूला गाडी जरा सरकायची.

ती भीती खोटी मात्र नव्हती. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरायचा. आधी इंजिनाचा आवाज जड व्हायचा, गाडी आपोआप मंदावायची आणि क्षणात मागचं चाक जागेवर थांबायचं. त्या क्षणी क्लच दाबण्याचं भान ज्याला राहिलं तो वाचला. थंड झाल्यावर गाडी पुन्हा चालूही व्हायची, पण पिस्टनवर उभे ओरखडे पडलेले असायचे आणि पुढचा खर्च म्हणजे बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकणं.

घाटाची गोष्ट वेगळीच. बोरघाट किंवा आंबोली उतरताना चालक ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गिअरवर उतरवतो. इंजिन जोरात फिरत असतं, पण पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद. चढताना न धरलेला पिस्टन उतरताना धरतो तो असा. जुने चालक उतारावर मधूनमधून ॲक्सिलरेटरला हलका पीळ देत, त्यामागे हे कारण होतं.

या सगळ्यातून माणसाला मोकळं करण्याचा पहिला प्रयत्न जपानमध्ये झाला. यामाहाने १९६४ साली 'ऑटोल्यूब' आणलं. ऑइलची टाकी वेगळी आणि छोटा पंप इंजिनाचा वेग व ॲक्सिलरेटरची ओढ पाहून लागेल तेवढंच ऑइल सोडणार. आपल्याकडे ही सोय पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. १९८४ची कायनेटिक होंडा आणि १९८५ची आरएक्स १०० या गाड्यांमुळे ती सामान्यांच्या हाती आली. हळू चालवताना ऑइल कमी, जोरात जास्त, त्यामुळे धूरही कमी आणि खर्चही कमी. गंमत अशी की आरएक्सच्या कित्येक शौकिनांनी हा पंप काढून टाकला आणि पुन्हा टाकीत मिक्स करायला सुरुवात केली. पंप बंद पडला तर कळणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. स्वतःच्या हाताने ओतलेल्या ऑइलवरच त्यांचा भरवसा होता.

नव्वदच्या दशकात प्रश्न इंजिनाचा न राहता श्वासाचा झाला. शहरांत रिक्षा आणि दुचाकी वाढल्या, चौकाचौकात निळा धूर दाटू लागला. सुटं ऑइल कॅनमधून विकलं जायचं, त्यात काय मिसळलंय हे विकणाराच जाणे. पीयूसीची तपासणी होती, पण पेट्रोलच्या दुचाकी-तीनचाकीत ती फक्त कार्बन मोनॉक्साइड मोजायची आणि मर्यादा होती साडेचार टक्के. ऑइलचा धूर त्या आकड्यात येतच नव्हता. डोळ्यांना झोंबणारी गाडी प्रमाणपत्र घेऊन रुबाबात बाहेर पडायची. न जळलेले हायड्रोकार्बन मोजायला सुरुवात झाली २००४ साली, तोवर टू-स्ट्रोकचा जमाना मावळायला लागला होता.

दिल्लीत १९९८च्या अखेरीस सुटं टूटी ऑइल विकण्यावर बंदी आली आणि पंपावर यंत्रानेच मिसळलेलं पेट्रोल देणं सक्तीचं झालं. १९९९पासून कमी धुराचं टूटी ऑइल देशभर लागू झालं. त्या ऑइलच्या डब्यावर जपानी मानकाची 'जासो एफसी' ही अक्षरं दिसू लागली. फरक होता घटकांचा. जुन्या ऑइलात ब्राइट स्टॉक नावाचं जाड खनिज तेल असायचं, ते नीट जळत नाही. त्याच्या जागी पॉलिआयसोब्युटिलीन हा कृत्रिम घटक आला. वंगण तो तितकंच देतो आणि उष्णतेत सुटून जवळजवळ स्वच्छ जळतो. पुढे आलेली 'एफडी' प्रत इंजिन आतून आणखी स्वच्छ ठेवणारी. रस्त्यावरचा धूर कमी करण्यात जितका वाटा नव्या इंजिनांचा, तितकाच या बदलाचा आहे, आणि त्याचं श्रेय त्याला क्वचितच मिळतं.

त्यानंतरचा प्रवास वेगाने झाला. २००० आणि २००५च्या उत्सर्जन नियमांपुढे जुनी टू-स्ट्रोक टिकली नाही. येझ्दीचा कारखाना १९९६लाच बंद पडला होता, आरएक्स मालिका २००५च्या सुमारास थांबली, चेतकही गेली. मुंबईच्या रिक्षा न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजीवर आल्या. पंपावरचे ऑइलचे गाडे कोपऱ्यात गंजून भंगारात गेले.

पण टू-स्ट्रोक इंजिन गेलं नाही, रस्त्यावरून ते रानात गेलं. कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी आता कोयत्याऐवजी ग्रासकटरने होते. फांद्या तोडायला चेनसॉ, फवारणीला पाठीवरचा पॉवर पंप, खाडीत होडीला आउटबोर्ड मशीन. यांतली बरीच यंत्रं टू-स्ट्रोक आहेत आणि ग्रासकटरचं इंजिन मिनिटाला आठ-नऊ हजार फेरे घेतं, चेतकपेक्षा कितीतरी जास्त. ऑइल मिसळायची जबाबदारी पुन्हा माणसाच्या हातात आली आहे, फक्त आता विचारायला पंपावरचा पोऱ्या नाही. परिणामी कुणी ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल ओततो. त्यातल्या धातुयुक्त घटकांची राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते, शिवाय ते पेट्रोलात सहज विरघळतही नाही. कुणी होडीचं ऑइल बागेत नेतो. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी राखविरहित बनवलेलं असतं, हवेवर थंड होणाऱ्या तापट इंजिनाला पुरत नाही. कुणी अजूनही 'पाचला शंभर'वर अडून बसतो, आणि त्याच्या यंत्राच्या टाकीवर २५:१ असं ठळक छापलेलं असतं.

त्यात आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीनिशी पडून राहिलेल्या यंत्रात पाणी पुरेसं साचलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलातच राहतं. इंधनाची नळी मात्र तळातून ओढते. म्हणजे मिश्रण अगदी बरोबर केलेलं असूनही इंजिनाला पहिला घोट बिनऑइलचा मिळतो. दसऱ्याला काढलेलं ग्रासकटर पाच मिनिटांत धरतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

साठ वर्षांचा हिशेब मांडला तर निष्कर्ष सरळ आहे. ऑइल कमी पडून जेवढी इंजिनं गेली, तेवढाच त्रास अंदाजपंचे जास्त ओतलेल्या ऑइलनेही दिला. आणि दुसऱ्या चुकीचा धूर शेजाऱ्यांनीही खाल्ला. तेव्हा यंत्रासोबतच्या पुस्तिकेतलं प्रमाण पाहा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, ४०:१ असेल तर २५, २५:१ असेल तर ४०. डब्यावर एफसी किंवा एफडी लिहिलेलं टूटी ऑइलच घ्या. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणा, वेगळ्या कॅनमध्ये मिसळून हलवा आणि मगच टाकीत ओता. मिश्रण महिन्याभरात संपेल इतकंच करा आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवा.